आमच्या खुब्याचा हीट नंबर सांभाळा: कोल्हापुरातील अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यात खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया करणारे सर्व अस्थिरोगतज्ज्ञ,
आणि ज्या रुग्णालयांत ती होते त्यांचे व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

मी उद्यमनगरात लेथवर वाढलेला माणूस. आधी दुसऱ्याच्या शॉपमध्ये टर्नर होतो, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. माझा उजवा खुबा 2002 साली बदलला, तेव्हा मी 31 वर्षांचा होतो. तोच खुबा 2022 साली पुन्हा बदलावा लागला. म्हणजे तुम्ही जी शस्त्रक्रिया करता तिच्यासोबत मी माझं सगळं कर्तं आयुष्य काढलं आहे, आणि त्या अनुभवावरून तुमच्याकडे काही मागायचं आहे: आत बसवलेला सांधा कुठल्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा याची नोंद, आमच्या धंद्याच्या भाषेत त्याचा हीट नंबर, जपून ठेवा.

हे पत्र आत्ता लिहायला कारण घडलं ते आमच्या शॉपमधल्या एका पोरामुळे. वय 26. कण्याचा संधिवात, आणि त्यात दोन्ही खुबे धरलेले. बुटाची नाडी बांधायला त्याला धाकटा भाऊ लागतो. तपासणी करून आला तेव्हा चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं. म्हणाला, "काका, ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले वीस वर्षं बघायला नको. वीस वर्षं म्हणजे लई झाली की."

मी त्याला विचारलं, सव्वीस आणि वीस किती?

"सेहेचाळीस," म्हणाला, आणि गप्प झाला. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याची पोरं कॉलेजात असतील, घराचे हप्ते चालू असतील, आणि तेव्हा त्याला पुन्हा टेबलावर झोपावं लागेल. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. सत्तर वर्षांच्या आजोबांना "वीस वर्षं टिकेल" असं सांगितलं तर त्याचा अर्थ "आता आयुष्यभराची चिंता मिटली" असा होतो. तेच वाक्य तरुण पोराला सांगितलं की त्याचा अर्थ पार बदलतो, आणि तो बदललेला अर्थ समजावून सांगायला कुणी थांबत नाही.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. तिशीच्या आत उजव्या जांघेत दुखायला लागलं. दुखणं गुडघ्यात उतरायचं, म्हणून वर्षभर गुडघ्याचेच एक्स-रे निघाले. शेवटी एमआरआय झाला आणि कळलं की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय, हाड आतून मरून खचलंय. कारण सापडलं नाही. तुमच्याकडे असे रुग्ण रोज येतात हे मला माहीत आहे. कुणाचा खुबा स्टेरॉइडमुळे जातो, कुणाचा दारूमुळे, कुणाचा गाडीवरून पडून मोडलेल्या हाडामुळे. 2021 मध्ये तर मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडनंतर खुबा असा गेलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. आपल्याकडे खुबा बदलायला येणारा माणूस म्हातारा असतोच असं नाही. तालमीत जाणारं पोरगं असतं, फौंड्रीत ओतकाम करणारा असतो, लग्नाची मुलगी असते.

शस्त्रक्रियेनं मला काय दिलं तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र रडगाणं वाटेल. चौथ्या दिवशी मी वॉकर घेऊन उभा राहिलो आणि जांघेतली ती कळ नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपलो. तीन महिन्यांत लेथवर परत गेलो. पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलीला कडेवर घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढलो. पंगतीला मांडी घालून बसता येत नाही, बाजूला खुर्ची टाकून घ्यावी लागते, एवढाच काय तो फरक. ज्या सर्जननी ते केलं त्यांचे हात मी आजही मनोमन धरतो. हा सांधा बदलण्याइतकं सुख देणारं ऑपरेशन दुसरं नसेल, आणि म्हणूनच ज्याला गरज आहे त्या पोरानं घाबरून ते टाळू नये असंच मी सांगतो.

पण तो सांधा म्हणजे शेवटी एक बेअरिंग आहे. कमरेच्या हाडाच्या उखळीत वाटी, वाटीत प्लॅस्टिकचं अस्तर, त्यात फिरणारा गोळा, खाली हाडात ठोकलेला दांडा. जिथे घासतं तिथे झिजतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. चालणारा माणूस वर्षाला एका पायावर साधारण दहा लाख पावलं टाकतो, म्हणून प्रयोगशाळेत हे सांधे तपासताना दहा लाख फेरे म्हणजे एक वर्ष धरतात. दिवसभर मशीनवर उभ्या असलेल्या तरुणाची पावलं याहून कितीतरी जास्त होतात.

या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला तेव्हा मला त्यात आपलं उद्यमनगरच दिसलं. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या सर्जननी आधी टेफ्लॉन नावाच्या प्लॅस्टिकची वाटी वापरली. रुग्ण खूश होते. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याचा भुगा सांध्यात साठला, आणि शेकडो रुग्णांना पुन्हा उघडावं लागलं. मग 1962 मध्ये एक विक्रेता त्यांच्या वर्कशॉपमध्ये एका वेगळ्या प्लॅस्टिकचा, पॉलिइथिलिनचा, तुकडा घेऊन आला. ते प्लॅस्टिक कापडगिरण्यांच्या मागांच्या गिअरसाठी वापरलं जायचं. चार्नलींना तो तुकडा काही पसंत पडला नाही. पण हॅरी क्रेव्हन नावाच्या त्यांच्या तंत्रज्ञानं, साहेब परदेशी गेलेले असताना, तो झिजेच्या मशीनवर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस चालवूनही तो टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तितका झिजला नाही. त्याच प्लॅस्टिकवर पुढं जगभरातल्या लाखो लोकांचे खुबे उभे राहिले. माझाही.

टेफ्लॉन फसल्यावर चार्नलींनी ते लपवलं नाही, यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. टेफ्लॉनचा आणि नव्या प्लॅस्टिकचा भुगा त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, शरीर काय करतं ते बघायला. आणि रुग्णांना ते विनंती करायचे की मृत्यूनंतर तो सांधा आम्हाला परत द्या, किती झिजला ते मोजायचं आहे. एकदा बसवलेल्या सांध्याचा शेवटपर्यंत माग काढणं हे त्या माणसाच्या कामातच होतं. माझ्या मागणीचं मूळ तिथं आहे.

पुढं प्लॅस्टिक सुधारलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस रेणू एकमेकांत जास्त बांधलेलं नवं पॉलिइथिलिन आलं, त्याची झीज जुन्यापेक्षा खूपच कमी. चिनी मातीसारखे कठीण सिरॅमिकचे गोळे आले. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून निष्कर्ष निघाला की बदललेले खुबे 15 वर्षांनी 89 टक्के, 20 वर्षांनी 70 टक्के आणि 25 वर्षांनी 58 टक्के शिल्लक असतात. आकडे चांगले आहेत. पण त्यातले बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा पुढचे. त्याच नियतकालिकातल्या 2017 च्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसतो: सत्तरीनंतर सांधा बदलणाऱ्याला उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आसपास, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत जवळपास तिघांत एक. मग तिशीच्या आतल्याचं काय, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकता. शिवाय दुसऱ्यांदा बसवलेला सांधा पहिल्याइतका टिकत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते दुसऱ्या ऑपरेशनच्या टेबलावर कळतं.

आणि ही झीज दुखत नाही, हे सगळ्यात वाईट. प्लॅस्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, शरीरातल्या पेशी ते गिळतात, आणि त्या चिडलेल्या पेशींमुळे आजूबाजूचं हाड विरघळत जातं. माणूस आरामात रंकाळ्याला चक्कर मारत असतो आणि आत वाटीमागं पोकळी तयार होत असते. ती बाहेरून कळत नाही, एक्स-रेत दिसते. दुखायला लागतं तोवर बरंच हाड गेलेलं असतं. मला 2002 नंतर एकदा, टाके काढल्यावर सहा आठवड्यांनी, बोलावलं होतं. त्यानंतर एकोणीस वर्षं कुणी "एक्स-रे काढून ये" म्हणालं नाही, आणि दुखत नसताना दवाखान्यात जावं असं मला कधी सुचलं नाही. इंजिनाचं ऑइल मी ठरल्या तासांना बदलतो. स्वतःच्या सांध्याचं तसं काही वेळापत्रक असतं हे मला माहीतच नव्हतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पुरुषभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर कपाटातून जे निघालं त्यात ऑपरेशनची फाईल होती, चिखलाच्या विटेसारखी. एक्स-रेच्या फिल्मा एकमेकींना चिकटल्या होत्या. बायकोनं त्या उन्हात वाळवायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, राहू दे, त्याची आता काय गरज.

2021 च्या शेवटी पाय आखडायला लागला, मग जांघेत तीच जुनी ओळखीची कळ. एक्स-रेत गोळा वाटीत वर सरकलेला दिसला, वाटीमागं काळी पोकळी. नव्या सर्जननी पहिला प्रश्न विचारला: आत कुठल्या कंपनीचा सांधा आहे? मॉडेल कोणतं, वाटीचा साइज किती? त्यांनी समजावून सांगितलं, आणि मला ते लगेच पटलं, कारण ते माझ्या धंद्यातलंच होतं. धातूची वाटी हाडात घट्ट असेल तर आतलं अस्तर आणि गोळा तेवढा बदलता येतो, छोटं काम. पण अस्तर वाटीत ज्या खाचेनं अडकतं ती प्रत्येक कंपनीची वेगळी. या मॉडेलचं त्या मॉडेलला बसत नाही.

मी ज्या रुग्णालयात पहिलं ऑपरेशन झालं तिथं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं चांगल्या शब्दांत सांगितलं की इतकं जुनं रेकॉर्ड नाही, रद्दी केली. नियमाप्रमाणे त्यांचं चुकलेलं नाही, हेही मला नंतर कळलं. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची नियमावली सांगते की दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावीत, आणि मागितल्यावर 72 तासांत द्यावीत. तीन वर्षं. वीस-पंचवीस वर्षं टिकणाऱ्या वस्तूची नोंद तीन वर्षं. ज्या वर्षी माझ्या मांडीत तो दांडा गेला, त्याच वर्षी हा नियम लिहिला गेला.

नव्या सर्जननी एक्स-रेवरून अंदाज बांधायचा खूप प्रयत्न केला, दोन ओळखीच्यांना फोटो पाठवले. खात्री झाली नाही. शेवटी तीन कंपन्यांचे सेट मागवून ठेवले आणि उघडलं. वाटी हाडात घट्टच होती. तिच्यात बसणारं अस्तर मिळण्याची शाश्वती नाही म्हणून ती छिन्नीनं सोडवावी लागली, तिच्यासोबत थोडं चांगलं हाडही गेलं. साडेचार तास. कदाचित झीज इतकी होती की वाटी काढावीच लागली असती; ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण निर्णय झाला तो एक नंबर सापडला नाही म्हणून. आज माझा उजवा पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे आणि पुढच्या वेळेसाठी हाड कमी उरलंय. मी चोपन्न वर्षांचा आहे. पुढची वेळ येणार आहे.

डॉक्टर, आता आमच्याकडचं सांगतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही बऱ्या फौंड्रीत जा. मोटारीच्या कंपनीला जाणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. त्या नंबरावरून कळतं की लोखंड कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीत वितळलं, त्यात काय काय टाकलं, ओतताना तापमान किती होतं, तपासलं कुणी. पुण्याहून फोन आला की अमुक पार्ट तडकलाय, तर आमचा माणूस तासाभरात त्याच लॉटचे बाकीचे पार्ट कुठं कुठं गेलेत ते सांगतो. ब्रेकच्या ड्रमला जे मिळतं ते माझ्या खुब्याला मिळालं नाही.

आणि हा फक्त माझा दुर्दैवी योग नाही. डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्याचं घातक वागणं आधी लक्षात आलं ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे. कुठल्या मॉडेलचे किती सांधे पुन्हा उघडावे लागतायत हे त्यांना आकड्यांत दिसत होतं. आपल्या देशात तो सांधा सुमारे 4,700 शस्त्रक्रियांमध्ये वापरला गेला होता. केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं नंतर चौकशी केली तेव्हा जेमतेम हजारभर रुग्णांचा पत्ता लागला होता. बाकीचे कुठं आहेत, त्यांच्या रक्तात त्या धातूतलं कोबाल्ट किती चढलंय, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातले काही आपल्या जिल्ह्यातले असतील का, हा विचार मला अधूनमधून येतो.

स्वीडनमध्ये 1979 पासून प्रत्येक बदललेल्या खुब्याची नोंद होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 पासून. आपल्याकडे सांधेरोपण करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तिच्यात नोंद करणं ऐच्छिक आहे. देशाचा कायदा होईल तेव्हा होईल. मी तुमच्याकडे कोल्हापूरपुरतं मागतोय.

प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनीचं नाव, मॉडेल, साइज आणि लॉट नंबर लिहिलेले स्टिकर येतात. थिएटरमध्ये ते तुमच्या कागदावर चिकटवतात. त्यातलाच एक संच रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवा, आणि तो कशासाठी आहे हे घरच्यांना बसवून सांगा. कार्ड हरवेल, पुरात जाईल, म्हणून त्याचा मोबाइलवर फोटो काढायला लावा आणि तो घरातल्या दोघांना पाठवायला सांगा. याला पैसा लागत नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयात योजनेतून ऑपरेशन झालेल्या, गगनबावड्याहून किंवा चंदगडहून आलेल्या माणसाला तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण तो दुसऱ्यांदा कुठल्या दवाखान्यात पोचेल याचा नेम नाही.

तीन वर्षांचा नियम हा किमान आहे. त्याहून जास्त ठेवायला कुणी अडवत नाही. सांधेरोपणाची कागदपत्रं रद्दीत देऊ नका. जागा नसेल तर ऑपरेशनचं एक पान स्कॅन करा. दवाखाना बंद होणार असेल, डॉक्टर निवृत्त होणार असतील, तर त्या पानांचं काय करायचं हे तुमच्या संघटनेनं ठरवावं. सगळ्यांनी मिळून जिल्ह्याची एकच यादी ठेवली तर सर्वांत उत्तम: नाव गुप्त राहील, पण सांधा कुठला, कधी बसवला, कधी आणि का काढला, एवढं त्यात असेल. यात तुमच्यापैकी काहींना भीती वाटेल की कुणाचे किती सांधे लवकर गेले हे उघडं पडेल. ती भीती मला समजते. आमच्याकडे रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या पार्टचा, बोर्ड पहिल्यांदा लावला तेव्हा मलाही वाटली होती. डॉक्टरांची नावं लावू नका, मॉडेल तेवढं लावा.

पन्नाशीच्या आत ज्याचा खुबा बदललाय त्याला दुखत नसतानाही बोलवा. पहिल्या वर्षी, मग दर दोन-तीन वर्षांनी, तुम्हाला योग्य वाटेल तसं. "आता काहीच दुखत नाही, तरी एक्स-रे?" असं लोक म्हणतील. माझ्यासारख्या एखाद्याला त्यांच्याशी बोलायला बसवा, मी येईन.

एक गोष्ट लिहिताना जड जातंय. मुलींच्या बाबतीत हे ऑपरेशन घरचे लपवतात. लग्न जमणार नाही म्हणून फाईल फाडून टाकलेली मी पाहिली आहे, आमच्याच गल्लीत. सांधा बदललेल्या बाईला मूल होऊ शकतं, बाळंतपण होऊ शकतं, हे तुम्ही त्या मुलीच्या आईवडिलांसमोर आणि शक्य असेल तर सासरच्यांसमोर मोठ्यानं सांगा. आमचं कुणी ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकतात. ती फाईल फाडली गेली की चाळिशीत त्या बाईचं माझ्यासारखंच होणार.

आणि ऑपरेशनच्या आधी वयाची बेरीज रुग्णासोबत बसून करा. पहिला सांधा अंदाजे कुठवर, दुसरा कुठवर, त्यासाठी हाड कसं राखायचं, वजन किती ठेवायचं, विम्याचं काय, कामाचं स्वरूप बदलायचं का. पंधरा मिनिटं लागतील. तुमच्या ओपीडीत पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे बाहेरच्या बाकावर बसून मी पाहिलंय. तरीही मागतोय.

माझ्या दुसऱ्या सांध्याचे स्टिकर मी लॅमिनेट करून घेतले. एक पाकिटात, एक मुलीकडे, एक शॉपमध्ये, जिथं मशीनचे नंबर लिहिलेत त्याच फळ्यावर.

आमच्या त्या पोराचं पहिलं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, दुसरं दिवाळीनंतर. यादी ठेवायचं ठरलं तर तिचा तक्ता, नोंदीची पद्धत, नंबर शोधायची सोय हे सगळं बसवून द्यायला आमच्याकडची क्वालिटीची दोन मुलं तयार आहेत, बिनपैशाची. सोमवारी उद्यमनगर बंद असतं. त्या दिवशी तुम्ही सांगाल तिथं, सांगाल त्या वेळी आम्ही येऊ.

आपला नम्र,
उद्यमनगरातील एक टर्नर